तारबाबूची लेखणी

झाशीच्या इलाइट चौराह्यावर उभे राहिले की चारी बाजूंना अक्षरेच अक्षरे दिसतात. दुकानांच्या पाट्या, शिकवणीवर्गांचे फलक, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स. काही देवनागरीत हिंदी, काही रोमन अक्षरांत हिंदी, काही देवनागरीत इंग्रजी. चौकाचे नावसुद्धा याच जातीचे आहे. चौकातून जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातातल्या फोनवर यापेक्षाही मोठी सरमिसळ चालू असते. तो माणूस झाशीतल्या जुन्या मराठी घरातला असला, तर त्या सरमिसळीत मराठीही येते: रोमन अक्षरांत लिहिलेली, स्वर गाळलेली, अर्धी हिंदीच्या वळणाची. तिकडे पुण्यात किंवा नागपुरात असलेली त्याची काकू तो निरोप दोनदा वाचते आणि म्हणते, ‘काय ही भाषा!’

ही चीड खरी आहे. शिक्षक, मुद्रितशोधक, संपादक, पत्रे लिहिण्यात आयुष्य घालवलेले आजीआजोबा, सगळ्यांना ती येते आणि मलाही येते. भाषेवर प्रेम असलेल्या माणसाला चुकीचे लिहिलेले डोळ्यांत खुपतेच. तरीही या प्रकरणात मला जे सांगायचे आहे ते वेगळे आहे. आपण चिडतो ते बहुधा चुकीच्या गोष्टीवर आणि चुकीच्या माणसावर. शब्द आखूड केला म्हणून भाषा बिघडत नाही. वाचणाऱ्याचा विचार न करता लिहिले की ती बिघडते. हा फरक समजून घ्यायला झाशीइतके चांगले गाव नाही, कारण भाषेतल्या चुकांवर चिडून त्या चिडीचे आयुष्यभराचे काम करणारा एक माणूस याच गावात रेल्वेच्या नोकरीत होता.

महावीरप्रसाद द्विवेदी हे नाव मराठी वाचकाच्या फारसे ओळखीचे नाही. हिंदी साहित्याच्या इतिहासात मात्र एक अख्खा कालखंड त्यांच्या नावाने ओळखला जातो. १८६४ मध्ये रायबरेली जिल्ह्यातल्या दौलतपूर गावी त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे शिक्षण अर्धवट राहिले. वडील मुंबईत नोकरीला होते. द्विवेदी तिथे गेले, तारेचे काम शिकले आणि मराठी-गुजरातीशीही त्यांची चांगली ओळख झाली. पुढे रेल्वेच्या नोकरीत गावोगावी बदल्या होत होत ते झाशीला आले. झाशी म्हणजे त्या वेळी इंडियन मिडलंड रेल्वेचे मुख्य ठाणे. १९०० मध्ये ही रेल्वे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेत, म्हणजे मुंबईहून निघणाऱ्या मोठ्या रेल्वेत, विलीन झाली. झाशीतच असताना १९०३ मध्ये द्विवेदींनी अलाहाबादच्या इंडियन प्रेसमधून निघणाऱ्या ‘सरस्वती’ मासिकाचे संपादन हाती घेतले. वरिष्ठाशी खटका उडाल्यावर १९०४ मध्ये त्यांनी रेल्वे सोडली आणि पगाराच्या मानाने अगदी तुटपुंज्या मानधनावर ते मासिकच चालवत राहिले. हे संपादन १९२० पर्यंत चालले.

त्या काळी हिंदी गद्य घडत होते. एकच क्रियापद कोणी एका तऱ्हेने लिही, तर कोणी दुसऱ्या. ब्रजभाषेची रूपे खडी बोलीत मिसळत, लिंग-वचनाचा मेळ बसत नसे, विरामचिन्हे मर्जीप्रमाणे पडत. द्विवेदींकडे लेख आला की ते तो वाक्यावाक्याने तपासत, बदलत, कित्येकदा जवळजवळ नव्याने लिहून काढत. त्यांनी दुरुस्त केलेली ‘सरस्वती’ची हस्तलिखिते काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने जपून ठेवली आहेत. झाशीपासून जवळच असलेल्या चिरगावचा एक तरुण त्यांच्याकडे कविता पाठवी. द्विवेदींनी त्याला ब्रजभाषा सोडून खडी बोलीत लिहायला लावले, त्याच्या ओळी दुरुस्त केल्या आणि मग छापल्या. तो तरुण म्हणजे मैथिलीशरण गुप्त, जे पुढे हिंदीचे राष्ट्रकवी म्हणून मान्यता पावले. शिष्याच्या ओळीवर लाल शाई चालवणारे गुरू पुष्कळ असतात. दुरुस्त केलेली ओळ स्वतःच्या मासिकात सन्मानाने छापणारे थोडे, आणि द्विवेदींचे मोठेपण मला त्यात दिसते.

१९०५ मध्ये त्यांनी ‘भाषा और व्याकरण’ हा लेख लिहिला आणि मोठमोठ्या लेखकांच्या, अगदी भारतेंदु हरिश्चंद्रांच्याही, वाक्यांतले दोष काढून दाखवले. हिंदी जगात खळबळ उडाली. कलकत्त्याच्या ‘भारतमित्र’चे संपादक बालमुकुंद गुप्त यांनी ‘आत्माराम’ या टोपणनावाने उत्तरे लिहिली. द्विवेदींनी ‘अस्थिरता’ऐवजी वापरलेला ‘अनस्थिरता’ हा एक शब्द पकडून त्यांनी लेखमाला चालवली. एका उपसर्गावरून दोन संपादक भर सभेत भांडावेत तसे ते भांडण झाले. त्यातून हिंदीचा मोठाच फायदा झाला. व्याकरण ही शाळेतल्या पंतोजीची बाब न राहता वाचकांच्या चर्चेचा विषय झाले.

मराठीत याच सुमाराला असेच चालले होते. १८९८ मध्ये साने, गोडबोले आणि हातवळणे या तिघांनी लेखनात सुधारणा सुचवल्या. उच्चारात नसलेले अनुस्वार गाळावेत, लेखन बोलण्याच्या जवळ आणावे असा त्यांचा रोख होता. १९०४ मध्ये टिळकांनी ‘केसरी’त लेख लिहून या सूचनांची झडती घेतली. राजकारणाच्या धकाधकीत असलेल्या माणसाने अनुस्वारासाठी अग्रलेखांची जागा खर्ची घातली, ही गोष्ट आज मुद्दाम आठवावी अशी आहे.

आता द्विवेदींच्या आयुष्यातला मला सर्वांत बोलका वाटणारा तपशील. भाषेच्या शुद्धीसाठी हिंदीत सर्वांत जास्त झटलेला हा माणूस आधी तारबाबू होता. तारेच्या भाषेला व्याकरण नसते. शब्दागणिक पैसे, म्हणून विभक्ती, क्रियापदे, सर्वनामे सगळी गळतात आणि हाडे तेवढी उरतात. ‘मदर सीरियस स्टार्ट इमिजिएटली’ ही तार मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या येत राहिली. देवनागरीत तारा पाठवण्याची सोय १९४९ मध्ये सुरू झाली. तोवर मराठी माणसाच्या घरातले जन्म, मृत्यू, नेमणुका आणि परीक्षांचे निकाल मोडक्या इंग्रजीतच तारेवरून येत. जुलै २०१३ मध्ये ही सेवा बंद झाली तेव्हा लोक हळहळले. तारेने भाषा बिघडवली, असे कोणीही म्हणाले नाही. कारण तार वाचताना कोणी चुकत नसे. कुठे काय गाळले आहे हे पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असे. दिवसभर तारेच्या कट्ट-कड्डमध्ये बुडालेले द्विवेदी संध्याकाळी घरी येऊन पूर्ण, सुघड वाक्ये लिहीत. आखूड लिहिण्याच्या सवयीने त्यांचे व्याकरण बिघडले नाही.

आपल्या आजीआजोबांच्या पत्रांकडेही याच नजरेने पाहावे. ‘शि. सा. न. वि. वि.’ ही पाच अक्षरे म्हणजे ‘शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष’. ‘ती.’ म्हणजे तीर्थरूप, ‘चि.’ म्हणजे चिरंजीव, ‘ता. क.’ म्हणजे ताजा कलम, ‘क. लो. अ.’ म्हणजे कळावे, लोभ असावा. आज एखादा मुलगा वाढदिवसाच्या शुभेच्छा दोन अक्षरांत उरकतो म्हणून जे आजोबा रागावतात, त्यांनी स्वतःच्या वडिलांना केलेला साष्टांग नमस्कारही आद्याक्षरांतच घातलेला असतो. तरी तो नमस्कार खोटा नसे.

याच्याही मागे गेले तर मोडी लागते. झाशी हे पेशव्यांच्या सुभेदारांचे गाव. नारो शंकरांनी ते वसवले, वाढवले. पुढे नेवाळकर घराण्याचे सुभेदार आले. पुणे आणि बुंदेलखंड यांच्यामधला कारभार मोडी कागदांवर चाले. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि हात शक्य तितका कमी उचलत अक्षरे लिहीत जायचे. ऱ्हस्व-दीर्घ पाळायची रीत नाही, शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही, विरामचिन्हे नाहीत. वर आणखी संक्षेप: ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजेश्री, ‘मु॥’ म्हणजे मुक्काम, महिन्याची तारीख सांगायला नुसता ‘छ’. आजच्या शुद्धलेखनाच्या फुटपट्टीने मोजले तर अठराव्या शतकातला सगळा मराठी कारभार नापास होईल. पण त्या कागदांवर फौजा हलल्या, वसुली झाली, तह झाले. कारकुनांची पिढीच्या पिढी त्या खुणा एकाच तऱ्हेने लिहायला आणि वाचायला शिकलेली होती. संक्षेपाला शिस्त होती, म्हणून तो चालला.

मग फोनवरच्या भाषेत नवीन काय घडले? इथे थोडे यंत्राच्या पोटात शिरावे लागते. मोबाइलवरचा जुना लघुसंदेश १४० बाइटांच्या डब्यात बसवायचा असे. रोमन अक्षराला त्यात ७ बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरे मावत. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात, म्हणून चिन्हे मावत फक्त ७०. त्यातही मोजणी अक्षरांची नसून चिन्हांची. ‘स्त्री’ हा शब्द घ्या. आपण त्याला एक अक्षर म्हणतो. यंत्र मोजते ते असे: स, पायमोड, त, पायमोड, र, दीर्घ वेलांटी. झाली सहा. ‘राष्ट्रीय’ला नऊ. मराठी जोडाक्षरांची भाषा, त्यामुळे ७० चिन्हांत दहा-बारा शब्द बसले तरी पुष्कळ. त्यात त्या काळच्या बऱ्याच फोनांत देवनागरी दिसतही नसे, चौकोनी डबे उमटत. प्रत्येक निरोपाला पैसे पडत आणि दिवाळी-नववर्षाला सवलतीचे दर बंद असत. अशा वेळी गावाकडच्या मुलाने आईला रोमन अक्षरांत, स्वर गाळून निरोप पाठवला तर तो भाषेचा शत्रू ठरत नाही. तो काटकसरी होता, तारबाबूसारखाच.

ती अडचण केव्हाच संपली. आता निरोप कितीही लांब लिहा, वेगळे पैसे पडत नाहीत. प्रत्येक फोनवर मराठी अक्षरे उमटतात. बोललेले लिहून घेणारी सोयही आली आहे. कारण गेले, सवय मात्र राहिली. आपल्या चिडीला पहिली रास्त जागा मिळते ती इथे.

रोमन अक्षरांत मराठी लिहिताना काय हरवते ते एका उदाहरणात दिसेल. एम, ए, एल, ए ही चार अक्षरे ओळीने लिहा. हा शब्द ‘मला’ असू शकतो, ‘माला’ असू शकतो, ‘मळा’ आणि ‘माळा’ही असू शकतो. के, ए, एल लिहिले तर काल, काळ, कल, कळ. बी, ए, एल लिहिले तर बाळ, बळ, बाल, बल. एकाच अक्षरात ‘त’ आणि ‘ट’, एकाच अक्षरात ‘द’ आणि ‘ड’, एकाच अक्षरात ‘न’ आणि ‘ण’. लिहिणाऱ्याचे दोन सेकंद वाचतात आणि वाचणाऱ्याला प्रत्येक शब्दाला थबकावे लागते. संदर्भाने बहुतेक वेळा उलगडा होतो. पण आडनाव, गावाचे नाव, औषधाचे नाव, पत्ता अशा ठिकाणी संदर्भ मदतीला येत नाही. काळे आहेत की काले, हे आधी ठाऊक नसेल तर अक्षरांवरून कळायला मार्ग नाही.

पण म्हणून रोमन लिपीलाच दोष देता येत नाही. मराठीतला एक मोठा ग्रंथ पहिल्यांदा छापला गेला तो रोमन लिपीतच. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमध्ये जन्मलेला जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याचे मराठी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातल्या राचोल इथे छापले गेले. देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते, म्हणून रोमन. मात्र स्टीफन्सने मराठीचे उच्चार तोडून-मोडून त्या लिपीत कोंबले नाहीत. ‘न’साठी एक एन, ‘ण’साठी दोन एन, अशी अक्षरे दुप्पट करून त्याने मूर्धन्य उच्चार वेगळे दाखवले. परक्या भूमीवर, परक्या भाषेत, परक्या लिपीत लिहिताना ‘ण’ हरवू नये याची त्याने काळजी घेतली. त्याने कोकणीचे व्याकरणही रचले आणि ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये राचोललाच छापले गेले. चारशे वर्षांपूर्वी अशी काळजी घेणारा माणूस होऊन गेला, तेव्हा लिपीने घात केला ही सबब आज आपल्याला देता येत नाही.

इंग्रजीतही हीच चीड आहे आणि तिथे तिचा अभ्यासही झाला. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड क्रिस्टल यांनी २००८ च्या आपल्या पुस्तकात दाखवले की निरोपांतले बहुतेक शब्द पूर्णच लिहिलेले असतात आणि शब्दातले अक्षर जाणीवपूर्वक गाळायला आधी तो शब्द नीट यावा लागतो. इंग्रजी मुलांच्या बाबतीत हे पटते. त्यांना शाळेत, पुस्तकांत, रस्त्यावर, सगळीकडे पूर्ण शब्द भेटतो. गाळलेले अक्षर कुठले, हे त्यांना ठाऊक असते.

झाशीतल्या मराठी मुलीचे तसे नाही. समजा, तिचे घराणे कित्येक पिढ्यांपूर्वी कोकणातून किंवा खानदेशातून तिकडे गेले. शाळा हिंदी किंवा इंग्रजी, शेजार बुंदेलखंडी, बाजार हिंदी. मराठी फक्त आजीशी, देवघरात, गणपतीत आणि लग्नकार्यात. ती पुण्याच्या काकूला लिहिते, ‘मी चहा पिऊन घेतली.’ हिंदीत चहा स्त्रीलिंगी, म्हणून इथेही स्त्रीलिंगी. ‘माझी मदत करा’ म्हणते, कारण हिंदीत मदत कोणाची तरी करतात. मराठीत मदत कोणाला तरी करतात हे तिला कोणी सांगितलेले नाही. पूर्ण शब्द तिला लिहिलेला कधी दिसतच नाही. ती जे ऐकते ते हाताशी असलेल्या अक्षरांत उतरवते. तिच्या फोनवर हिंदीचा कळफलक असतो, शब्द सुचवणारे यंत्रही हिंदीसाठी शिकवलेले. ‘ळ’ पटकन हाती लागत नाही. ‘ऱ्य’ तर शोधूनही सापडत नाही, म्हणून ‘दऱ्या’ लिहायला जावे आणि ‘दर्या’ उमटावा. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ कसे असावेत, वर्णमाला कोणती, हे महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयाने ठरवून दिले. ज्या भाषेच्या घरातच हे इतक्या उशिरा स्थिरावले, तिच्या दूरच्या लेकीकडून अचूकतेची अपेक्षा किती करायची?

काकूने पुढे काय करायचे, हा खरा प्रश्न आहे. बहुतेक घरांत कुटुंबाच्या समूहावर चारचौघांसमोर चूक काढली जाते, हसणारी चिन्हे उमटतात आणि मुलगी पुढच्या वेळी हिंदीत किंवा इंग्रजीत लिहिते. तिच्या मराठीतली चूक अशी कायमची नाहीशी होते, मराठीसकट.

ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत तर आपण शिकवण्यापेक्षा दरडावतोच जास्त. नियम खरे पाहता बोलण्यातूनच आलेले आहेत. गरीब, पण गरिबाला. वडील, पण वडिलांना. बहीण, पण बहिणीचा. फूल, पण फुलाला. मूळ शब्दात शेवटून दुसरे अक्षर दीर्घ असते. प्रत्यय लागताना शब्दाचे रूप बदलले की बोलण्यातला जोर पुढे सरकतो आणि ते अक्षर ऱ्हस्व होते. शरीर, परीक्षा यांसारखे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र आपली दीर्घ वेलांटी सोडत नाहीत: शरीराला, परीक्षेला. मराठी घरात वाढलेले मूल हे न शिकता बरोबर बोलते. एकदा मोठ्याने म्हणून दाखवले की लिहितानाही त्याला ते ऐकू येते. इतके साधे असूनही शाळांतून पाठ करायला देतात ती नियमांची यादी.

आणि हे नियमही काही पाषाणावर कोरलेले नाहीत. १९५० साली ‘नांव’, ‘पांच’, ‘केंस’ लिहिणारा विद्यार्थी बरोबर होता. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ मध्ये शासनाने मान्य केले, १९७२ मध्ये त्यांत आणखी चार आले, आणि तोच विद्यार्थी चुकीचा ठरला. ‘कवि’ आणि ‘गुरु’ यांचे ‘कवी’ आणि ‘गुरू’ झाले. त्या १८ नियमांतला एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. केशवसुतांच्या आधीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचे गद्य छापायचे असेल तर ते मुळाप्रमाणेच छापावे, असे तो सांगतो. जुन्या माणसाच्या लेखनाला नव्या नियमाने शिक्षा करायची नाही.

झाशीच्या संदर्भात याचे महत्त्व कळते. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे गेले आणि १८५७-५८ च्या धामधुमीत झाशीत सापडले. त्यांनी नंतर लिहून ठेवलेला ‘माझा प्रवास’ हा झाशीच्या वेढ्याचा मराठीतला अमोल वृत्तान्त. चिंतामण विनायक वैद्यांनी तो १९०७ मध्ये प्रसिद्ध केला तो फेरफार करून. भटजींचा मूळ मजकूर वाचकांना मिळाला थेट १९६६ मध्ये, दत्तो वामन पोतदारांच्या संपादनातून. वैद्यांचे उपकार आहेतच, त्यांच्यामुळे ग्रंथ लोकांपुढे आला. तरीही मूळ मजकूर वाचताना जो माणूस भेटतो, भांबावलेला, भुकेलेला, श्रद्धाळू, तो त्याच्या स्वतःच्या वाक्यांत भेटतो. त्या वाक्यांना नीटनेटके करण्याची मोठी किंमत असते. दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येकाने हे पुस्तक दोन्ही रूपांत वाचावे.

मग चिडायचे कोणावर? ज्यांचे लिहिणे हजारो लोक वाचतात आणि ज्यांना लिहिण्याचे पैसे मिळतात, त्यांच्यावर. बातमीच्या मथळ्यात ‘दिन’ आणि ‘दीन’ यांचा गोंधळ करणाऱ्या वार्ताहरावर. सरकारी परिपत्रकात कर्ता एका वचनात आणि क्रियापद दुसऱ्या वचनात सोडून देणाऱ्या कार्यालयावर. शालेय सूचनांवर, दवाखान्यातल्या फलकांवर, बँकेच्या अर्जांवर. गावोगावच्या फ्लेक्सांवर ‘श्रद्धांजली’ लिहिताना ‘द’ला ‘ध’ जोडायच्या ऐवजी ‘ध’ला ‘द’ जोडतात आणि ‘श्रध्दांजली’ होते. तसा उच्चार करून पाहा, जीभ अडखळते. लग्नपत्रिकेवर ‘आशीर्वाद’मधला रफार एक घर मागे सरकून ‘आर्शिवाद’ होतो आणि तीच पत्रिका पाचशे घरांत जाते. तिथे एकच माणूस एकदाच नजर टाकेल तर चूक थांबेल. मुद्रितशोधकाची जागा रिकामी ठेवून पैसे वाचवणारा मालक आणि घाईत फोनवर दोन ओळी लिहिणारी मुलगी यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे. पहिल्याला धारेवर धरावे. दुसरीला हात द्यावा.

आणि आपापसात लिहितानाही एक सीमा हवी. मित्राला लिहिताना हवे तेवढे आखूड लिहा. पण ज्याला आपल्या खुणा ठाऊक नाहीत अशा माणसाला लिहिताना, तब्येतीबद्दल, पैशाबद्दल, पत्त्याबद्दल, कोणाच्या मृत्यूबद्दल लिहिताना शब्द पूर्ण लिहावा. गेलेल्या माणसासाठी दोन शब्द पूर्ण लिहायला वेळ नाही, हे मला मान्य नाही.

वाचकहो, एवढे करा. आपल्या फोनवर मराठीचा कळफलक बसवा आणि झाशी, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव, जिथे कुठे आपली भाचरे-पुतणे असतील त्यांच्या फोनवरही बसवून द्या. ‘ळ’ आणि ‘ऱ्य’ कुठे सापडतात ते एकदा दाखवा. त्यांचा चुकीचा निरोप आला तर चारचौघांत टोकू नका. उत्तर लिहिताना तेच वाक्य बरोबर लिहा: ‘चहा घेतलास ना? मीही आताच घेतला.’ आणि गावातल्या छापखान्यात पत्रिका छापायला टाकाल तेव्हा छपाईपूर्वीची प्रत स्वतः वाचून मगच सही करा.